शिवेपलीकडच्या घराची संमती

५ जानेवारी, रविवार

ही डायरी खताच्या दुकानदाराने दिली. दर पानाखाली कुठल्या पिकाला किती युरिया ते छापलंय. माझं पीक यंदा एकच आहे आणि ते फेब्रुवारीत उभं राहायचंय. मोठं काम काढलं की माणसाने टिपणं ठेवावीत म्हणतात, म्हणून बसलोय.

तर मी, साईराज, माथेरानच्या हॉटेलातली नोकरी सोडून आता गाण्याचा फेस्टिवल करणार. भात काढून झालं की कळंबच्या अलीकडची आमची शेतं होळीपर्यंत मोकळी पडून असतात. तिथे एक शनिवार, दुपारपासून रात्री दहापर्यंत, उघड्यावर गाणी. मुंबई-पुण्याचे बँड, नेरळची बेंजो पार्टी, खायला गावच्या बायकांच्या हातचं. नाव ठरलंय ‘खळ्यावरची गाणी’. तारीख आठ फेब्रुवारी, कारण त्यानंतर बारावीची परीक्षा लागते आणि मग ‘पोरं अभ्यास करतायत’ म्हटल्यावर ब्रह्मदेवही स्पीकर लावू शकत नाही. बँडवाल्यांचं माझा मित्र हर्षद बघतोय. बाकी सगळं मी.

आईला हे पसंत नाही. तिच्याशी करार असा झालाय की परवाना मिळाला तर ठीक, नाही मिळाला तर मुकाट्याने परत डोंगर चढायचा आणि काउंटरवर उभं राहायचं. मॅनेजरकडून माझी जागा होळीपर्यंत धरून ठेवायचं तिने परस्पर वदवूनही घेतलंय. तिच्यापुढे माझं काही चालत नाही.

पोलीस ठाण्यातले साहेब चांगले निघाले. चहा पाजला आणि म्हणाले, ग्रामपंचायतीचा दाखला आणा, तहसीलचा कागद आणा, रुग्णवाहिका उभी करा, सगळं होईल. पण मैदानाला लागून असलेल्या घरांची लेखी संमती नसेल तर स्पीकरचा विचार सोडा. मी उड्या मारत घरी आलो. आमच्या गावच्या सगळ्या घरांनी दुपारभरात सह्या दिल्या. आबाजींचा गावकीत शब्द चालतो, त्यांनी सही करताना एवढंच विचारलं, “आमाला नाचाया चालंल का?”

राहिलं एकच घर. आमच्या शेताचा बांध संपतो तिथे शिव आहे, आणि शिवेपलीकडे दुसऱ्या गावचं पहिलं घर कोंडाजीकाकांचं. दारात त्यांची मुलगी आली. सुप्रिया. कल्याणच्या दवाखान्यात लोकांचे कान तपासते. मी पाच मिनिटं फेस्टिवलचं महत्त्व सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, “छान हाय. पन तुमचा आवाज आमच्या गोठ्यात येनार, त्याचं काय?”

गोठ्यात चंद्री नावाची म्हैस आहे. डिसेंबरात आबाजींच्या नातवाच्या हळदीचा डीजे वाजला तेव्हा ती दावं तोडून पळाली आणि थेट उल्हास नदीच्या काठी सापडली. आता ती गाभण आहे. हरकत रास्त होती, पण ती सांगताना सुप्रियाने हसू दाबलं ते मला आवडलं नाही. अंगावर पिवळी ओढणी होती. हे उगाच लिहिलं.

१२ जानेवारी, रविवार

सुप्रिया आवाज मोजायचं यंत्र घेऊन आली. टीव्हीच्या रिमोटएवढं आहे, टोकाला स्पंजचा गोळा. म्हणाली, आधी गावात रोज किती आवाज असतो ते बघू, मग तुमचा ठरवू. रविवारची सबंध सकाळ आम्ही गावभर फिरलो. पिठाची गिरणी, देवळातली घंटा, कुकरची शिट्टी, सगळं मोजलं. बायका दारात येऊन विचारायच्या, काय शोधताय? मी सांगायचो, आवाज. त्या एकमेकींकडे बघायच्या.

आईने मला जेवायला हाक मारली तीही सुप्रियाने मोजली आणि आकडा माझ्यापुढे धरला. गिरणीच्या वर होता.

मग तिने त्या हळदीच्या रात्री स्वतःच्या ओट्यावरून घेतलेला आकडा काढला आणि आबाजींना दाखवला. म्हणाली, या आवाजात रोज काम करणाऱ्याला आम्ही कानाला लावायचं मशीन देतो. आबाजी पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागले. मी मनात म्हटलं, ही बाई माझा फेस्टिवल मोडणार. पण चालताना बांधावर तिचा पाय घसरला तेव्हा मी हात दिला आणि ती म्हणाली, “स्पीकरची तोंडं आमच्याकडं नको, नदीकडं फिरवा. निम्मा प्रश्न तितंच मिटंल.” हे मला सुचायला हवं होतं. रात्री जेवण गेलं नाही, बहुधा उन्हात फिरल्यामुळे.

१४ जानेवारी

संक्रांत. सुप्रिया कामावरून सुटून नेरळ स्टेशनावरून घरी जाताना वाकडी वाट करून आमच्याकडे आली. तिळगूळ दिला आणि नवी हरकत दिली. गाड्या लावायच्या जागेपासून त्यांची पेंढ्याची उडवी फार जवळ आहे. कुणी विडी टाकली तर वर्षाचा पेंढा जाईल. मी म्हटलं, गाड्या रस्त्यापलीकडे लावू. ती म्हणाली, मग रुग्णवाहिकेची वाट? मी म्हटलं, मोकळी ठेवू, दोरी बांधू. ती म्हणाली, बघते. चहा घेऊनच गेली. आईने तिला बशी दिली तीसुद्धा पाहुण्यांची.

आज तिने मला अरे-तुरे केलं. उद्धट आहे.

१९ जानेवारी, रविवार

आज चाचणी झाली. हर्षदने बदलापूरहून दोन मोठे स्पीकर आणले, तोंडं नदीकडे केली. सुप्रिया चंद्रीच्या शेजारी यंत्र घेऊन उभी, मी इकडे बटणाशी, मधे सबंध शेत. फोनवरून ती सांगायची, “वाढव. अजून. अजून थोडा. बस.” एवढ्या लांबून मला फक्त पिवळा ठिपका दिसत होता, पण चंद्री रवंथ करतेय हे तिच्या आवाजावरूनच कळलं. म्हैस पास झाली. एक कान हलवला म्हणे, तोही माशीमुळे.

गाणं अर्ध्यावर होतं. ती फोन ठेवायला विसरली. मीही विसरलो. गाणं संपेपर्यंत तो तसाच चालू होता. हर्षद म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, तपासणी चालू आहे.

मी पळतच गेलो कागद घेऊन. वाटलं, आता सही. तर बाईसाहेब म्हणतात, दिव्यांच्या उजेडाने कोंबड्यांची झोप जाईल. दिवे खाली वळवायचं कबूल केलं. मग प्लास्टिक. गुरं खातात. मी म्हटलं, पळसाच्या पत्रावळी आणि मातीचे कप. मग तिने खूप विचार केला आणि म्हणाली, “बेडकांचं काय?”

फेब्रुवारीत बेडूक कुठले, मी विचारलं.

“तेच म्हनते. ते खाली झोपलेले असतात. वरती एवढी मानसं नाचली तर?”

मी पायाखाली बघितलं. तिनेही बघितलं. आम्ही दोघं तिथे उभे राहिलो. कोंडाजीकाका ओट्यावरून बघत होते, त्यांनी आत जाऊन पुन्हा चहा टाकायला सांगितला. इतका हट्टी माणूस मी माथेरानच्या पाहुण्यांतही पाहिला नाही, आणि तिथे घोड्यावर उलटं बसायचा हट्ट धरणारे पाहिलेत.

२२ जानेवारी

साहेबांचा निरोप आला. तीन तारखेच्या सोमवारी सगळे कागद टेबलावर, नाहीतर आठ तारीख विसरा. बाकी सगळं जमलंय. फक्त शिवेपलीकडचं घर. आणि सुप्रियाकडे बेडकांनंतर आणखी काय निघेल सांगता येत नाही.

मी डोकं चालवलं. हा प्रश्न पोरापोरींच्या पातळीवर सुटणारा नाही. दुसऱ्या गावचं घर आहे, तिथे रीतीने गेलं पाहिजे. आमच्याकडे रीत म्हणजे पाच मोठी माणसं, नारळ आणि पेढे. संध्याकाळी आत्याकडे गेलो. आनंदीआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. गावात कुणाच्याही घरी कसल्याही कामासाठी जायचं तर पुढे तीच असते. मी म्हटलं, आत्या, कोंडाजीकाकांकडे जायचंय, तू चल, आबाजींना घे, आणखी दोघं-तिघं घे. त्यांचा होकार आला नाही तर माझं काही खरं नाही.

आत्या तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. “पक्कं का रं?”

मी म्हटलं, पक्कं.

“आईला सांगितलंस?”

म्हटलं, तिला तू सांग, माझं ती ऐकत नाही. आत्याने पदराने डोळे पुसले. फेस्टिवलचं एवढं मनावर घेईल असं वाटलं नव्हतं.

२३ जानेवारी

गेलो. काय सांगू. आत्या इरकल नेसून, आबाजी टोपी घालून, आईसुद्धा आली. कालपर्यंत फेस्टिवलला नावं ठेवणारी माझी आई नवं पातळ नेसून पेढ्यांचा पुडा धरून सगळ्यांच्या पुढे. मी नकाशा, दाखले, रुग्णवाहिकेचं पत्र, सगळी फाइल नेली होती. ओट्यावर बसताच आत्याने ती माझ्याकडून काढून स्वतःच्या मांडीखाली घेतली. म्हणाली, “तू तोंड उघडू नको. मोठी मान्सं हायेत.”

सुप्रिया ड्यूटीवर होती, ते बरंच झालं. मोठ्या माणसांची पद्धत खरंच वेगळी. आवाजाचा विषय कुणी काढलाच नाही. यंदाचा भात कसा झाला, आमच्या आजोळचं कोण कोंडाजीकाकांच्या मावसभावाच्या सोयऱ्यांत आहे, हे चाललं तासभर. आबाजी म्हणाले, दोन्ही घरं शिवेला लागून, सुखदुःखाला हाकेच्या अंतरावर, याहून चांगलं काय? मला ते फार पटलं. सगळ्या फेस्टिवलवाल्यांनी आबाजींकडून शिकावं.

कोंडाजीकाकांनी मला दोनच प्रश्न विचारले. पहिला, “दारूचं कसं?”

मी म्हटलं, एक थेंब नाही काका, आणि आत कुणाला आणूही देणार नाही, दारावर माणसं उभी करणार. काकांनी आबाजींकडे बघितलं, आबाजींनी मान डोलावली.

दुसरा, “आनि मंग पुढं? माथेरानला जानार का हितंच?”

“इथंच. हे जमलं तर मी इथून हलत नाही,” मी छातीवर हात ठेवून म्हटलं.

काकांनी नारळ घेतला. म्हणाले, “माजी ना नाय. पोरीला इचारून सांगतो.” बरोबरच आहे, यंत्र तिच्याकडे आहे.

२६ जानेवारी

शाळेत झेंडावंदनाला गेलो तर जो भेटेल तो पाठीवर थाप मारतोय. गुरुजी म्हणाले, अभिनंदन. मी म्हटलं, अजून पोलिसांचं बाकी आहे. ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. किराणावाल्याने लाडू दिला. आमच्या गावाला संगीताची एवढी ओढ आहे हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. विरोध, तक्रारी, हरकती, सगळ्यांची नुसती हवा होती. रीतीने गेलं की लोक डोक्यावर घेतात.

आई तर ओळखू येत नाही. अंगण सारवलं, तांब्याची भांडी चिंचेने घासली, भिंतींना चुना काढायचा म्हणते. मी म्हटलं, लोक शेतात येणार, घरात कशाला येतील? म्हणाली, “तुला नाय कळायचं.” आणि गुणगुणत आत गेली. आईला गुणगुणताना मी कधी ऐकलंय ते आठवत नाही.

कोंडाजीकाकांचा निरोप आलाय, बुधवारी संध्याकाळी पोपटीला या. सगळ्यांनी या. काय माणूस आहे.

२९ जानेवारी

पोपटी झाली. काकांच्या घरामागच्या परड्यात मडकं लावलेलं, भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे. मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवला. आमची सगळी माणसं तिथे, त्यांची सगळी माणसं तिथे, आणि प्रत्येक जण मला चांगली शेंग काढून देतोय. रहिवाशांशी संवाद म्हणतात तो हाच.

सुप्रिया आगीजवळ बसली होती. गप्प. हरकत काढेना, चिडवेना, मला तर करमेना. शेवटी मीच जवळ गेलो. तिने काठीने निखारे सारत विचारलं, “तू आपनहून आलेलास का सगळ्यांनी मिळून आनलेला?”

मी म्हटलं, आपणहून. मीच सगळ्यांना गोळा केलं. आत्याला मीच सांगितलं.

“मंग सरळ मला का नाय इचारलंस? रोज तर येत होतास.”

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, तू दर वेळी काहीतरी नवीन काढायचीस. मला भीती वाटली की तू नाही म्हणशील. ती हसली. तिचा चेहरा आगीमुळे लाल झाला होता. मग आत गेली आणि संमतीचा कागद घेऊन आली. सही केलेली होती. काकांची आणि तिची. स्पीकर नदीकडे, दिवे खाली, प्लास्टिक नाही, दहाच्या ठोक्याला बंद, आणि यंत्र सबंध दिवस तिच्या हातात.

घरी येताना बांधावरून मी एकटाच गाणं म्हणत आलो. परवाना मिळणार! इतका आनंद मला परवान्याने होईल असं वाटलं नव्हतं. नुसतं हसू येतंय. उगाच.

३१ जानेवारी

सकाळी माथेरानहून मॅनेजरचा फोन आला. म्हणाले, “अभिनंदन. मग आता येतोयस ना परत काउंटरला? लग्न झाल्यावर पक्की नोकरी लागते.”

मी म्हटलं, कुणाचं लग्न?

म्हणाले, “तुझं. कल्याणला नोकरी करणारी मुलगी ना? आमच्या स्वयंपाक्याच्या बहिणीने सांगितलं, नारळ दिलात, पोपटीही झाली, मुलीने होकार दिला.”

मी फोन ठेवला. आई ओसरीत बसून आत्याला साड्यांचे रंग सांगत होती. मी तिच्याकडे बघितलं, सारवलेल्या अंगणाकडे बघितलं, आणि सगळं एकदम डोक्यात उजाडलं. पाच माणसं, नारळ, पेढे, आई नव्या पातळात. मुलाकडची पाच माणसं नारळ घेऊन मुलीच्या घरी कशाला जातात हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी आठ वर्षं डोंगरावर राहिलो म्हणून विसरलो, असं म्हणायलासुद्धा जागा नाही. आणि आत्याचं तरी काय चुकलं? ज्या घरी पोरगा रोज जातो, जिच्याबरोबर गावभर फिरतो, तिथे तो नारळ न्यायला सांगतोय. तिने ऐकायचं काय दुसरं?

म्हणजे सुप्रियाने सही केली ती मी तिला मागणी घातली म्हणून.

मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. मग ही डायरी पहिल्यापासून वाचली. पिवळी ओढणी पाच तारखेला आहे. एकोणीसला पिवळा ठिपका आहे. जेवण जात नाही ते बाराला आहे. मी फेस्टिवलची टिपणं लिहितोय असं मला वाटत होतं. मला राग यायला हवा होता, तो आलाच नाही. मला ती आवडते. इतकं साधं, आणि गावात सगळ्यांच्या शेवटी मला कळलं.

१ फेब्रुवारी

हर्षद म्हणतो, गप्प बस. सोमवारी कागद दे, आठ तारीख पार पडू दे, मग काय ते बोल. शिवाय तुला ती आवडतेच, मग खोटं कुठे आहे?

खोटं आहे. मी तिला विचारलंच नाही आणि तिने हो म्हटलंय, आणि तो हो मी ठाण्यात देऊन स्पीकर लावणार. सांगितलं तर कागद जाईल, फेस्टिवल जाईल, काकांच्या घराची शोभा होईल, आबाजींची मान खाली जाईल, आणि मी काउंटरवर. नाही सांगितलं तर तिच्यासमोर उभं राहायची मला लाज वाटेल. दिवसभर कागद बघत बसलो. खाली तिची सही फार नीटनेटकी आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

बांधावर बोलावलं. ती आली, पिवळी ओढणी. मी एका दमात सगळं सांगितलं. नारळ फेस्टिवलसाठी होता, फाइल आत्याने मांडीखाली घेतली, मला शुक्रवारपर्यंत पत्ता नव्हता.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हंजे तू मला इचाराय आलाच नव्हतास.”

“नाही.”

“पोपटीला बोललास ते?”

“तेही परवान्याचंच.”

तिचे डोळे भरले. तिने हात पुढे केला, मी कागद दिला. त्याशिवाय उद्या ठाण्यात जाण्यात अर्थ नाही हे आम्हां दोघांना ठाऊक होतं. तिने तो घडी करून मुठीत धरला.

“एवढंच सांगाय बोलावलंस?”

मी म्हटलं, “अजून एक आहे. पण ते आज बोललो तर तुला वाटेल परवान्यासाठी बोलतोय.”

ती वळली आणि गेली. गोठ्याजवळ थांबली, चंद्रीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, मग आत गेली. मी घरी येऊन आईला सांगितलं की बॅग भरून ठेव. आईने कारण विचारलं नाही, यावरून माझा चेहरा कसा असेल ते समजा.

३ फेब्रुवारी, सोमवार

ठाण्यात गेलो तो नुसता शब्द दिला होता म्हणून. साहेबांनी फाइल चाळली आणि विचारलं, शिवेपलीकडचं घर? मी म्हटलं, त्यांची संमती नाही साहेब, आणि चूक माझी आहे. ते फाइल मिटणार एवढ्यात सुप्रिया आत आली. कल्याणला न जाता आली होती. टेबलावर नवा कागद ठेवला, आजच्या तारखेचा.

साहेबांनी अटी वाचल्या, मान डोलावली, शेवटी थांबले. “हे बेडकांचं काय आहे?”

“ते हे बघतील,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

शिक्का बसला. तो आवाज मोजायला पाहिजे होता. बाहेर आलो तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. म्हटलं, तू का आलीस?

ती म्हणाली, “गान्याला माजी हरकत चंद्री पास झाली त्या दिवशीच मिटली होती. स्पीकर फिरवायचं तू ऐकलंस तेव्हाच. बाकीच्या हरकती कशापायी काढल्या ते तुला अजून कळलं नसंल तर दवाखान्यात ये, कान तपासून देते.”

आणि रिक्षात बसून गेली. मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. पोलिसाने येऊन विचारलं, अजून कसला परवाना पाहिजे का?

आईला सांगितलं, बॅग सोड.

६ फेब्रुवारी

चंद्री व्याली. पारडी झाली. काकांकडून खरवस आला. त्यांना बांधावरचं काहीच माहीत नाही, सुप्रियाने घरात एक शब्द काढलेला नाही. आमच्या घरीही मी काढला नाही. म्हणजे दोन गावांच्या दृष्टीने लग्न ठरलेलं आहे आणि आम्हां दोघांच्या दृष्टीने मी तिला अजून काही विचारलेलंच नाही. असा माणूस तालुक्यात दुसरा नसेल.

८ फेब्रुवारी, शनिवार

झालं! झालं! बसवत नाही, उभ्यानेच लिहितोय, अक्षर बघा.

माणसं आली, डोंबिवलीहून आली, खोपोलीहून आली, शेलूच्या नव्या इमारतींतून पोराबाळांसकट आली. खळ्यावर मंच, मागे डोंगर, आणि ऊन कलताना बेंजोवाल्यांनी जी सुरुवात केली त्यावर आबाजींनी टोपी खिशात घातली आणि नाचले. पुण्याची पोरं त्यांचे व्हिडिओ काढत होती. आईच्या तांदळाच्या भाकऱ्या संपल्या, आत्याने मुंबईच्या गिटारवाल्याला जबरदस्तीने खरवसाचा दुसरा तुकडा खायला लावला. सुप्रिया सबंध वेळ यंत्र घेऊन फिरत होती. मी मंचाजवळून बघायचो, ती लांबून हाताने खुणावायची, थोडं खाली, बस. बेडकांसाठी मी बांधालगतचा ओला पट्टा दोरी बांधून सोडला होता. पाटी लावली, ‘इथे नाचू नये, खाली झोपलेत’. सगळ्यात जास्त फोटो त्या पाटीचे निघाले.

दहाला बटण मीच बंद केलं. लोक ओरडले, अजून एक, अजून एक. नाही म्हणजे नाही. शांत झालं आणि पलीकडे गोठ्यात पारडी हंबरली ती सगळ्या शेताला ऐकू आली. लोकांनी तिलाही टाळ्या दिल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी शेत झाडून काढलं. साहेबांचा फोन आला, तक्रार एकही नाही, पुढच्या वर्षी अर्ज लवकर करा. मॅनेजरला मी स्वतः फोन करून सांगितलं की जागा दुसऱ्याला द्या.

मग आंघोळ केली, आत्याकडे गेलो आणि म्हटलं, चल, नारळ घे, पाच माणसं घे. आत्या म्हणाली, “आता कशाला? झालंय की समदं.” मी म्हटलं, चल तू. आणि या वेळी बोलणार मीच.

पुन्हा तोच ओटा. आबाजींचे पाय नाचून दुखत होते, ते कण्हतच बसले. सुप्रिया आज घरात होती, दाराच्या आत तिच्या पायाची बोटं दिसत होती. मी उभाच राहिलो. म्हटलं, काका, परवाना मिळालाय, फेस्टिवल झालाय, आता मला तुमच्याकडून कसलीच संमती नको. मला सुप्रिया आवडते. तिच्याशी लग्न करायचंय. ते विचारायला आलोय.

आईने कपाळावर हात मारला. कोंडाजीकाकांनी आत्याला हळूच विचारलं, पोराला ऊन लागलं का? मग मला म्हणाले, “आरं, ह्ये तर मागंच झालं नाय का? नारळ फोडून खाल्ला पन आमी. आता परत काय?”

मी आत्याच्या हातातला नारळ घेऊन पुढे धरला. आतून सुप्रियाचा आवाज आला.

“बाबा, परत एकदा ऐकून घ्या. मागच्या वेळंला मला नीट ऐकू नव्हतं आलं.”